पाठच्या भावाचा जामीन

चेनवाली ताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण बाजारात तिला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. जिन्याखालच्या गाळ्यात ती बसते. दप्तरांच्या, पर्सच्या, जॅकेटांच्या चेन बदलायच्या, छत्र्यांच्या काड्या बसवायच्या, प्रवासी बॅगांना चाकं लावायची, हा तिचा धंदा. वडिलांकडून आलेला. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ अजून शाळेत होता आणि शटर उघडायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून हिने उघडलं. मग लग्नाबिग्नाचं राहूनच गेलं.

माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या गाळ्याला लागून आहे. मधली भिंत नावालाच. तिकडे ताईला शिंक आली की इकडे माझे कागद उडतात. त्यामुळे तिचं सगळं बोलणं मला ऐकू येतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं. एकदा एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांच्या तोंडालाही एक चेन बसवून द्या ना."

"बसवते की," ताई म्हणाली. "फक्त उघडायची कोणी, ते आधी घरात ठरवून या."

तिला एकाच गोष्टीचा ताठा होता. दिलेल्या शब्दाचा. बॅग गुरुवारी देते म्हणाली की गुरुवारी तयार. आणि कोणाचं मिंधं व्हायचं नाही. आजारी असली तरी कोणाकडून साधा डबा घ्यायची नाही.

भाऊ मात्र लाडात वाढलेला. बापाविना पोर म्हणून आई त्याला शब्दाने दुखवायची नाही, आणि ताई आईला. त्याने कॉलेज अर्ध्यावर सोडलं, दोन-चार नोकऱ्या धरल्या आणि टाकल्या, मग मालाचा टेम्पो चालवायला लागला. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. दुकानात आला की हसवून सोडायचा. पण राग कायम नाकावर.

एका दुपारी एका सोसायटीच्या फाटकासमोर त्याने टेम्पो उभा केला. तिथल्या वॉचमनने, वयस्कर माणसाने, काढायला सांगितला. ह्याने नाही म्हटलं, त्याने टेम्पोच्या दारावर काठी आपटली, ह्याने खाली उतरून त्याला ढकललं. एकच धक्का. म्हातारा मागे पायरीवर पडला. खुब्याचं हाड मोडलं, डोकं फुटलं.

ताईला फोन आला तेव्हा ती एका बॅगेचा बंद शिवत होती. बोलणं झाल्यावर ती माझ्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली. सुई अजून हातातच होती.

"पोलीस ठाण्यात जाताना सोबत काय न्यायचं असतं गं?" तिने विचारलं.

मला तरी कुठे ठाऊक! आम्ही एक शर्ट घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि निघालो.

ठाण्यातल्या बाकावर आम्ही बसलो. ताई अगदी कडेवर, जणू ते बाक दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवलं होतं. तेवढ्यात एक हवालदार थबकला, निरखून पाहू लागला आणि खुलून म्हणाला, "अहो, तुम्ही चेनवाल्या ना? आमच्या मुलीचं दप्तर तुम्हीच करून दिलंत. अजून टिकलंय बघा!"

ताईने मान वर केली नाही. तो बिचारा चांगलंच बोलत होता. पण नंतर ती मला म्हणाली, "इतकी वर्षं चांगलं काम केलं, आणि ओळख निघाली ती नेमकी तिथे. मेल्याहून मेल्यासारखं झालं."

गजांमागे भाऊ अनवाणी उभा होता. पट्टा काढून घेतलेला, एका हाताने पँट धरलेली. तो एवढंच म्हणाला, "ताई, मला सोडव."

ओळखीतून एक वकील मिळाले. घसा कायम बसलेला, त्यामुळे तोंडात सतत गोळी. सुरुवातीला कोर्टाने जामीन दिला नाही. वॉचमन जगतो की नाही, हेच तेव्हा नक्की नव्हतं. त्याच्या जिवावरचा धोका टळल्यावर वकिलांनी पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. त्यासाठी कागदांच्या प्रती काढायला ते माझ्याकडे आले, तेव्हा ताईला त्यांनी सगळं तिथेच समजावलं.

"म्हणजे पैसे भरून सोडवायचं," ताई म्हणाली. तेवढं बोलतानाही तिला कसंसंच होत होतं.

"सगळ्यांचा हाच समज," वकील म्हणाले. "हे बघा, अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. खटला चालेल, साक्षी होतील, मग निकाल. त्याला वेळ लागतो. तोवर माणसाला आत ठेवायचं की घरी सोडायचं, एवढाच हा प्रश्न. सोडला आणि पळाला तर? साक्षीदारांना दम दिला तर? कोर्टाला ही धास्ती. म्हणून आरोपी स्वतः लिहून देतो, तारखेला येईन, अटी पाळीन. कधीकधी तेवढ्यावर भागतं, कधी रोख भरायला सांगतात. आपल्या प्रकरणात माणूस जबर जखमी आहे, तेव्हा जामीनदार मागणार. जामीनदार लिहून देतो की हा तारखेला आला नाही, तर ठरलेली रक्कम मी भरीन."

"आणि आला तर?"

"तर कोणाचा एक पैसा जात नाही. निकाल लागला की जामीनदार मोकळा. पण नाही आला, तर त्याच्यावर वॉरंट आणि जामीनदाराला नोटीस. रक्कम भरली नाही तर मालमत्तेवर टाच. म्हणून ज्याच्याजवळ काहीतरी स्वतःचं आहे, असाच माणूस लागतो."

ताईने वाकून आपल्या गाळ्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात स्वतःचं म्हणण्यासारखं तेवढंच होतं.

आधी ती मामाकडे गेली. मामाचं स्वतःचं घर. जन्मात कोणाकडे काही न मागितलेल्या बाईने मामाच्या दारात चप्पल दोनदा काढली आणि दोनदा पुन्हा घातली म्हणे. मामाने चहा दिला आणि म्हणाला, "राहू दे चार दिवस आत. अक्कल येईल. आणि कोर्टाच्या कागदावर माझं नाव नको बाई. मलाही मुली आहेत उजवायच्या."

ती रस्ताभर रडत आली. घरी आईने अन्नाला शिवायचं सोडलं होतं. "तुझ्या पाठचा आहे तो," आई म्हणत राहिली. "माझ्या पोटचा आणि तुझ्या पाठचा. आपण नाही तर कोण?"

मग गाळ्याच्या कागदांच्या प्रती मीच काढल्या.

कोर्टात न्यायाधीशांनी तिला विचारलं, "आरोपीला किती वर्षं ओळखता?"

"जन्मल्यापासून," ताई म्हणाली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिचे कान लाल झाले.

न्यायाधीशांनी अटी वाचून दाखवल्या. प्रत्येक तारखेला हजर राहायचं, दर आठवड्याला ठाण्यात जाऊन सही करायची, जखमी माणूस आणि साक्षीदार यांच्या वाटेला जायचं नाही. मग म्हणाले, "त्याला हजर ठेवण्याची जबाबदारी तुमची. कळतंय ना?"

"हो साहेब. तो नीट वागेल. माझा शब्द आहे."

"शब्द नको, सही करा," शेजारचा कारकून म्हणाला. त्याने अंगठ्याने जागा दाखवली. तिने सही केली.

भाऊ घरी आला. आईने त्याला पोटभर जेवू घातलं आणि तो दुसऱ्या दुपारपर्यंत झोपला. बाजारात मात्र ताईचे दिवस कठीण आले. गिऱ्हाइकं काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून विचारायची, "झालं का सगळं नीट?" एक बाई तर दुरुस्तीला दिलेली पर्स तशीच परत घेऊन गेली. घाई आहे म्हणाली. ताईने स्टूल फिरवलं आणि रस्त्याकडे पाठ करून बसायला लागली. कोणी विनोद केला तर हूं म्हणायची. भिंतीपलीकडे मला फक्त शिवणयंत्राचा आवाज यायचा.

पहिल्या तारखांना ती भावाबरोबर स्वतः गेली. तिने जायची गरज नव्हती, वकिलांनीही सांगितलं. पण ती म्हणायची, "मी शब्द दिलाय." तो वेळेवर उभा राहायचा, पुढची तारीख मिळायची, दोघं परत यायची. तिला वाटलं, निभावलं.

मग एके सकाळी एक किरकोळ बांध्याची बाई तिच्या गाळ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात ना बॅग, ना छत्री.

"तुमच्याच जामिनावर सुटलाय ना तो?" बाईने विचारलं. "मी वॉचमनची बायको."

ताई ताडकन उठली. स्वतःचं स्टूल पुसून तिच्यापुढे केलं. बाई बसली नाही.

"काल आमच्याकडे आला होता. फळं घेऊन. ह्यांच्या पायाशी बसला, चुकलं म्हणाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग निघताना दारात मला म्हणाला, काकू, कोर्टात जरा जपून बोला. काका उद्या बरे होतील, रस्त्यावर चालायला लागतील. रस्त्यावर टेम्पो फार असतात."

माझ्या मशीनमधून कागद बाहेर येत होता. मी बटण दाबून ते थांबवलं.

"मी पोलिसांकडे गेले नाही," बाई म्हणाली. "भीती वाटते. घरात आम्ही दोघंच. म्हटलं, ज्यांनी त्याला बाहेर आणलं, त्यांना तरी कळू दे."

बाई थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. ताईने शटर अर्ध्यावर ओढलं. मी खालून वाकून आत गेले, तर ती जमिनीवर बसली होती, चेनच्या तुकड्यांत.

"सही नुसती कागदावर केली असती तर एक वेळ चाललं असतं," ती म्हणाली. "मी तोंडाने बोलले गं. नीट वागेल म्हणाले. त्या बाईच्या दारात तो माझ्या शब्दावर उभा होता."

घरी तिने भावाला विचारलं. त्याने कानावर हात ठेवले नाहीत, उलट हसला.

"धमकी कुठे दिली? रस्त्यावर टेम्पो फार असतात म्हणालो. असतात! मी रोज चालवतो, मला नाही माहीत?"

"त्यांच्या वाटेला जायचं नाही असं कोर्टाने सांगितलं होतं."

"माफी मागायला गेलो होतो. फळं नेली होती."

"नेली होती फळं," आई म्हणाली. "मीच आणून दिली होती. आता अजून काय करायचं त्याने? फास लावून घ्यायचा?"

ताईने त्या घरात पहिल्यांदाच ताट बाजूला सारलं.

ती वकिलांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात वर केला. "बाई, थांबा. मी त्याचा वकील आहे, तुमचा नाही. ह्यावर मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. कोर्टाच्या आवारात मोफत सल्ल्याची खोली आहे, तिथे विचारा."

त्या खोलीत एक तरुण वकीलबाई होती. ताईने तिला विचारलं, "एकदा जामीन राहिलं की बाहेर पडता येतं का?"

"येतं. अर्ज करायचा की मला जामीनदारकीतून मोकळं करा. मग कोर्ट त्याला बोलावतं. तो हजर झाला की तुमची जबाबदारी संपते. तोवर मात्र ती तुमचीच. त्याने दुसरा जामीनदार आणला तर तो बाहेरच राहतो. नाही आणला तर आत."

"म्हणजे मी सुटले की तो अडकतो."

"तसंच म्हणा. पण मोकळं का व्हायचंय तुम्हाला?"

ताईने खाली पाहिलं. वकीलबाईने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "त्याने कोणाला धमकावलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. ते सरकारी वकिलांना सांगायचं. मग त्याचा जामीनच रद्द होऊ शकतो."

"नाही, तसं काही नाही," ताई म्हणाली. एवढं खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल.

अर्ज दाखल झाला. भावाला कोर्टाचं बोलावणं आलं तेव्हा त्याने ते आईला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "काही होत नाही. ताईचा राग माहीत नाही का तुला? तिथे जाऊन कागद मागे घेईल." दुसरा जामीनदार शोधायची तसदीही त्याने घेतली नाही.

मी त्या दिवशी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेले. न्यायाधीशांनी अर्ज पाहून विचारलं, "सख्खा भाऊ ना? मग काय झालं?"

ताईचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगेल. ती म्हणाली, "मला झेपत नाही, साहेब."

"दुसरा कोणी जामीनदार आहे का?" त्यांनी भावाला विचारलं. तो बावचळला. नाही म्हणाला. कारकुनाने काहीतरी लिहिलं आणि शिपायाने पुढे होऊन भावाचा दंड धरला. तेव्हा तो वळला, आणि लहानपणी लपाछपीत सापडल्यावर पोरं बोलतात तशा आवाजात म्हणाला, "ताई, गंमत करतेस का?"

ती भिंतीकडे पाहत उभी राहिली. व्हरांड्यात आई होती. तिने ताईला हाक मारली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. पदर आवरला आणि सरळ मामाच्या घरी निघून गेली.

बाजाराची तऱ्हा बघा. आधी म्हणत होते, गुंडाला जामीन राहिली. आता म्हणायला लागले, सख्ख्या भावाला आत घातला. दोन्हीकडून सोलली तिचीच चामडी. मी तिला म्हटलं, "लोकांचं काय मनावर घेतेस! तू कसली लाज धरतेस?"

ती हातातल्या छत्रीची काडी वाकवत राहिली. मग म्हणाली, "जामीन राहिले त्याची नाही. सोडला त्याचीही नाही. साहेबांनी कारण विचारलं, आणि मी माझीच अब्रू झाकली. त्या बाईचं नावसुद्धा काढलं नाही. ती बिचारी मला सांगायला आली होती."

काही दिवसांनी मामा माझ्या दुकानात आला. माझ्याकडे नीट न बघता त्याने आपल्या घराचे कागद काउंटरवर ठेवले. बहीण उंबऱ्यात बसून राहिली, तेव्हा मुलींच्या लग्नाचं कारण काही पुरलं नसावं. मी प्रती काढून दिल्या. कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. तो गेल्यावर मी भिंतीवर थाप मारली आणि ताईला सांगितलं.

मामाच्या जामिनाच्या तारखेला ती एकटीच गेली. कोर्ट सुरू व्हायच्या आधी तिने सरकारी वकिलांना गाठलं आणि सगळं सांगितलं, फळांपासून टेम्पोपर्यंत. त्यांनी ते न्यायाधीशांपुढे ठेवलं. न्यायाधीशांनी तिला पुढे बोलावलं. ते चिडले होते.

"मागच्या वेळी मी कारण विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली, साहेब."

"भावाची?"

"माझी."

मामा कागदांची पिशवी पोटाशी धरून बसला होता. आईने डोळे मिटून घेतले होते. भाऊ मात्र तिच्याकडे टक लावून पाहत होता, आणि ह्या खेपेला त्याने काहीच विचारलं नाही.

मग वॉचमनच्या बायकोला बोलावून तिचा जबाब घेतला. ती खरं तेच बोलली, पण बोलताना सगळा वेळ ताईकडे बघत होती, कोणाचा तरी हात धरून पूल ओलांडावा तसं. कोर्टाने ठरवलं, आधी ह्या नवरा-बायकोच्या साक्षी होऊ देत, तोवर आरोपी आतच राहील. साक्षी झाल्या. मग मामाचा जामीन मंजूर झाला, वर आणखी एक अट घालून की वॉचमनच्या वस्तीत पाऊल टाकायचं नाही. भावाने नंतर सगळ्या तारखा पाळल्या. मामाला एक पैसाही भरावा लागला नाही, हे मामा अजून चारचौघांत सांगतो.

निकालात भाऊ दोषी ठरला. आधी आत काढलेला काळ शिक्षेतून वजा झाला, उरलेली त्याने भोगली. वॉचमनला भरपाई द्यायचा हुकूम झाला, पण तो पुन्हा कामावर काही जाऊ शकला नाही. खोलीतल्या खोलीत काठी टेकत फिरतो. ताई एकदा त्यांच्याकडे जाऊन आली. बायकोने दारात पाणी दिलं, आत या म्हणाली नाही. "त्यांचं काही चुकलं नाही," ताई मला म्हणाली. "माझ्या घरचं माणूस एकदा आत घेऊन त्यांनी पाहिलं होतं."

आई परत आली नाही. ताई दर आठवड्याला मामाच्या दारात जायची, औषधं ठेवायची. आई आतून विचारायची, "कोण आहे?" मामी म्हणायची, "कोणी नाही, औषधवाली." त्यावर ताई काय करणार? ती पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसायला लागली, कामं वेळेवर द्यायला लागली. हसायचीही. पण कोणी "नक्की ना?" असं विचारलं, की आधी झटकन हो म्हणणारी ही बाई आता जरा थांबून म्हणते, "करते प्रयत्न."

गेल्या वर्षी आई आजारी पडली, दवाखान्यात होती. ताई पलंगाच्या एका बाजूला, खिडकीपाशी. सुटून आल्यावर दुसऱ्या गावात गाडी चालवणारा भाऊ आला आणि दुसऱ्या बाजूला उभा राहिला. केस पिकायला लागलेले. तीन दिवस दोघं तशीच, मधे आई. तो नर्सशी बोलायचा, डॉक्टरांशी बोलायचा, शेजारच्या पेशंटशी बोलायचा. तिसऱ्या दिवशी तो आईला औषधाच्या पाकिटावरचं काहीतरी वाचून दाखवत होता, अक्षर बारीक होतं. मान वर न करता म्हणाला, "सरक जरा. उजेड अडतोय."

इतक्या वर्षांत तो तिच्याशी बोललेलं तेवढंच. ताई बाजूला सरकली.